दोन डायोड आणि डग्गा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज एकदाचा अ‍ॅम्प्लिफायर वाजला. तीन रविवार गेले त्यात. घरचे म्हणतात बाजारात रेडिमेड बोर्ड मिळतं की स्वस्तात, हो मिळतं, टीडीए २०३० चं (अख्खा अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपमध्ये) आणून दिलं असतं तर संध्याकाळच्या चहाच्या आत वाजवून मोकळा झालो असतो, पण मला सुट्या ट्रान्झिस्टरचाच करायचा होता. (आमची आजी रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायची, त्यामुळे लेकीला "ट्रान्झिस्टरचा करतोय" म्हटलं तर तिला वाटलं रेडिओ करतोय.)

सामान बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या मागल्या दुकानांतून आणलं. बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर एक, बीडी १३९ आणि १४० या मोठ्या ट्रान्झिस्टरची जोडी, त्या जोडीला थोडं व्होल्टेज देऊन जागं ठेवायला दोन ४१४८ डायोड, बाकी चिल्लर. सप्लायला जुन्या सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब. हा बल्ब मात्र सगळ्यांनी लावावाच, काही शॉर्ट झालं तर बल्ब पेटतो, ट्रान्झिस्टर वाचतो.

पहिल्या रविवारी आवाज आला तो असा की भांड्यात मधमाशी कोंडलीय. मल्टिमीटर लावला तर मधल्या पॉइंटला ६ व्होल्ट यायला हवेत तिथे अडीच. तासभर रेझिस्टन्सचे रंग वाचत बसलो, सगळे बरोबर. मग लक्षात आलं की बीडी १३९ मी टिप ४१ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या सवयीने लावलाय. टिपचं तोंड आपल्याकडे धरलं की तीन पाय डावीकडून बेस-कलेक्टर-एमिटर, आणि बीडीचं बरोब्बर उलटं, एमिटर-कलेक्टर-बेस. कलेक्टर दोन्हींत मधेच, म्हणून नुसता पाठमोरा फिरवला की काम झालं. पण मग हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) टेकायची बाजू भलतीकडे गेली आणि पत्रा परत कापावा लागला.

दुसऱ्या रविवारी वाजला, छान वाजला, आणि मी चहा प्यायला आत गेलो. परत येतो तर गाणं बंद आहे, मोबाइल काढून घेतलाय, आणि तरी इंडिकेटरचा बल्ब हळूहळू लाल होतोय. ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि झटकन काढलं. चूक माझीच. एमिटरला एक-एक ओहमचे रेझिस्टन्स लावायचे होते ते दुकानात मिळाले नाहीत म्हणून सरळ वायर टाकली होती, आणि डायोड बोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो, म्हणजे तो कमी व्होल्टेजवरच जागा होतो, डायोड मात्र गारच, ते आपलं पूर्वीएवढंच व्होल्टेज देत राहतात, मग करंट वाढतो, मग अजून तापतो, मग अजून करंट, असं ते चालूच. आता रेझिस्टन्स लावले आणि डायोड हीट सिंकला चिकटवले, म्हणजे तो तापला की हेही तापणार.

आज लेक शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, हे दोन डायोड काढले तर काय होईल?" मी सांगायला लागलो की वरचा ट्रान्झिस्टर सिग्नलचा वरचा अर्धा भाग उचलतो, खालचा खालचा, पण दोघंही साधारण ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत जागेच होत नाहीत, म्हणून मधे फट राहते, ती हे डायोड बुजवतात... ती जांभई द्यायला लागली. मग म्हटलं थांब, ऐकवतोच. वायरचा तुकडा घेतला आणि दोन्ही डायोड शॉर्ट केले, म्हणजे असून नसल्यासारखे.

मोठ्या आवाजात फार फरक नाही कळला, खरं सांगतो. पण व्हॉल्यूम अगदी कमी केला आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज चिरकला, प्रत्येक सुराच्या कडेला कुसळं. लेक म्हणाली, "घसा बसलाय त्यांचा." वायर काढली, घसा मोकळा. परत लावली, परत बसला. हा खेळ दहा-बारा वेळा तरी केला आम्ही. मीही इतकी वर्षं नुसतं वाचलेलंच होतं, कानाने आजच ऐकलं.

डग्गा मात्र ऐकूच येत नव्हता, नुसती तबल्याची टिकटिक. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता, ८ ओहमच्या स्पीकरला तो २०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, अडवायला लागतो. १००० चा टाकला, स्पीकर बुटाच्या खोक्यात बसवला आणि डग्गा घुमला की! आता चालू करताना स्पीकर एकदा धप्प करतो, तेवढं चालतंय. पॉवर सगळी मिळून दीड वॉट. लेक म्हणाली "एवढंच?" तिच्या ब्लूटूथच्या डबीवर लिहिलंय २०.

मोबाइल चार्जिंगला लावला की घुं असा हम येतो, त्याचं पुढच्या रविवारी बघू. आतून "झोपा आता" असा दुसरा आवाज आलाय. स्विच बंद केला. सप्लायचा मोठा कंडेन्सर आहे ना, तो रिकामा होईपर्यंत क्षणभर गाणं चालूच राहतं, चिरकतं आणि मग बुडतं. ते ऐकायला परत एकदा चालू केला.