वेशीवरची पोरं

आज डिंकेल्सब्यूलला किंडरत्सेशे हा मुलांचा उत्सव पाहिला. जर्मनीच्या बव्हेरियातलं हे तटबंदीचं जुनं गाव, उत्सव दर जुलैचा. १६३२ साली स्वीडिश फौज वेशीवर आली, तेव्हा लोरे नावाची मुलगी पोराटोरांना घेऊन सेनापतीपुढे गेली, त्याला पाझर फुटला आणि गाव वाचलं, अशी आख्यायिका. त्याच आठवणीतली पोरांची मिरवणूक आली. माझ्यापुढेच एका चिमुरडीच्या डोक्यावरचा फुलांचा गजरा सारखा घसरत होता. शेजारच्या आजींनी पुढे होऊन तो नीट बसवला, गालावरून हात फिरवला. खरं सांगते, डोळे भरून आले. पोरांना शेवटी खाऊने भरलेला कागदी शंकू मिळतो, ‘गुके’ म्हणतात त्याला. त्या चिमुरडीने तो दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता.