आमची वाटचाल : काळ्या मातीवरचं हिरवं काम

टर्फच्या, म्हणजे खेळाच्या कृत्रिम गवताच्या कामाआधी आम्ही तार कुंपण करायचो. रोही अन् रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागातल्या शेतांना तार, वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांना जाळी. खांब ओळंब्यात उभा करणं, तार ताणणं, कोपरा गुण्यात धरणं ही शिस्त तिथेच हाताला लागली. मग एका शाळेनं क्रिकेटच्या नेटचं काम दिलं. नेटखाली मॅट आली, मॅटच्या जागी टर्फ आलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. हिशेब माझा, जोड त्याचा.

त्याच्या जोडाबद्दल लिहिलं नाही तर ही वाटचाल अपुरी राहील. दोन रोलच्या कडा तो उलटून ठेवतो, टाक्यांच्या दोन ओळी सोडून पाठीवरून हूक ब्लेडनं कापतो आणि मधली फट टाक्यांच्या गेजएवढीच, म्हणजे दोन ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवतो. खाली फूटभर रुंदीची टेप, तिच्यावर दातेरी पट्टीनं पसरलेला, दोन डब्यांतलं कालवून केलेला गोंद. कडा बसवताना एकही पातं गोंदात अडकू देत नाही आणि वर वाळूच्या पिशव्या रांगेनं मांडतो. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी गोंद कालवला की डब्यातच घट्ट होतो, म्हणून जोडकाम पहाटेच. रोल आदल्या संध्याकाळी उलगडून रात्रभर पडू द्यायचे, म्हणजे वळ्या निघतात. त्यानं जोडलेली कड दिवसा शोधून दाखवा, असं मी आजही गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतो.

घराच्या आवारातलं आमचं पहिलं काम सरांचं. सर म्हणजे तालुक्यातल्या शाळेचे निवृत्त पीटी मास्तर. घरामागे गोठा होता. जनावरं विकल्यावर ती सत्तर फूट लांब, चोवीस फूट रुंद पट्टी मोकळी पडली. नात क्रिकेट खेळते, तालुक्याला जायचं तर एसटी वेळेवर नाही. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, म्हणजे खेळपट्टी जेमतेम बसत होती. नेट, एलईडी, सगळं ठरलं. चेंडू नीट उसळावा म्हणून खाली काँक्रीट, वर १२ मिलिमीटर पाइलचं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पात्याचं दाट टर्फ.

चूक इथे झाली आणि ती माझीच होती. वरची अर्धा फूट काळी माती काढून, मुरूम दाबून, मी त्यावर चार इंच काँक्रीट ओतलं. आमचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, जमिनीखालचं पाणी खारं. इथली माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते की भेगेत हात जातो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी अर्ध्या फुटावर भागवलं. आषाढात एका बाजूची कड दोन इंच उचलली, आणि बरोबर गुड लेंथच्या जागी आडवा तडा गेला. तिथे पडलेला चेंडू नातीच्या हनुवटीपर्यंत उडाला.

आमच्याकडे दोन हंगाम नेट बांधायला असलेल्या एका मुलानं तोवर स्वतःचं दुकान टाकलं होतं. त्यानं वॉलकंपाउंडवरून त्या तड्याचा व्हिडिओ काढला आणि तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर टाकला. आठ दिवसांत माझी चार कामं गेली. ॲडव्हान्स परत मागायला माणसं दारात, रोल गोदामात येऊन पडलेले, पुरवठादाराचे पैसे डोक्यावर. त्यातली तीन कामं त्यानंच घेतली, स्क्वेअर फुटाला तीस रुपये कमी लावून. ज्याला मी पाणसळ धरायला शिकवलं त्यानं हे केलं, ते मी अजून विसरलो नाही. व्हिडिओत तडा खरा होता, मान्य. पण आम्ही तो उखडून नव्यानं केला, त्याचा व्हिडिओ कोणी फिरवला नाही.

मी सरांकडे पैसे परत करायला गेलो. सर म्हणाले, "मी पैसे वापस मागतले का? मले कोर्ट पाह्यजे, अन् तुयाच हातचं पाह्यजे."

पिकअप गाडी विकली. काँक्रीट फोडलं. या खेपेला अडीच फूट माती काढली, तळाला जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती आणि मुरूम वेगळे ठेवणारं कापड अंथरलं, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. रोलर पोचत नव्हता त्या कोपऱ्यांत मावसभावानं धुम्मस मारला. मग खडी, चुरी, जाळी टाकून पाच इंच काँक्रीट, कापलेले सांधे, दोन्ही अंगांना पाणी निघायला नाली. शंभर फुटाला एक फूट उतार नळीनं मोजून धरला. पुढचा पावसाळा मी झोपून काढला नाही. सरी थांबल्या की सरांच्या घरामागे जाऊन दोरा लावून पाहायचो. दोरा हलला नाही.

मग लॉकडाऊन आला, गेला, आणि नंतरची वर्षं कामंच कामं.

घरामागे टर्फ टाकायचं असेल तर एवढं ऐका. आधी माती खणून दाखवायला सांगा. रंग आणि पाइल नंतर बघा. बागेत अंथरायचं मऊ गवत खेळाचं म्हणून खपवतात, तेव्हा नमुन्याचा झुबका पकडीनं ओढून पाहा, सहज निघाला तर घेऊ नका. सगळ्या रोलचं पातं एकाच दिशेला झुकलेलं हवं आणि रोल एकाच लॉटचे, नाहीतर उन्हात पट्टे दिसतात. पात्यांमध्ये भरायची वाळू धुतलेली, कोरडी, गोल दाण्याची सिलिका. नदीच्या वाळूतला गाळ पाणी अडवतो. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं टर्फ धुऊ नका, मीठ बसतं. आणि मे महिन्यात लेकरांना दुपारी टर्फवर अनवाणी सोडू नका. मातीपेक्षा ते फार जास्त तापतं, पाय भाजतात.

त्या मुलानं घेतलेल्या तीन कामांपैकी दोन आम्हीच उखडली. खाली मुरूमसुद्धा धड दाबलेला नव्हता, काळ्या मातीवर बोटभर चुरी. पैसे पूर्ण घेतले, सवलत दिली नाही. ज्यांनी व्हिडिओ पाहून आम्हाला सोडलं होतं, त्यांना मी आधी सरांच्या घरामागे नेलं, दोरा लावला आणि मगच दर सांगितला.

सरांच्या लॉटचा आठ फुटी तुकडा मी गोदामात गुंडाळून, काळ्या प्लास्टिकमध्ये उन्हापासून झाकून ठेवला होता. यंदा दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, बॅटिंगच्या क्रीजला पातं झिजलंय म्हणाले. नात आता जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाते, रोज दोन तास तिथेच उभी असते. मावसभावानं तेवढी जागा चौकोनी कापून काढली, तुकडा बसवला, पिशव्या ठेवल्या. नातीनं विचारलं, "काका, उद्या खेळू का?" तो म्हणाला, "परवा." गुंडाळीत अजून तीन फूट शिल्लक आहे.