आमची वाटचाल : आधी गाडीचं बूड, मग हमीचा कागद

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिन पुसून लख्ख केलेलं असतं, ते बघून त्याचं अर्धं समाधान तिथेच होतं. आम्ही म्हणतो, काका, जरा आमच्याबरोबर खड्ड्यात उतरा. चिपळुणातल्या आमच्या गॅरेजमधला हा खड्डा बाबांनी जांभा फोडून काढलाय. गाडी वर, आपण खाली, हातात टॉर्च. कोकणातली गाडी किती वर्षं चालणार ते तिथून कळतं.

खाली उतरलं की आधी दिसतो सायलेन्सर आणि त्याचे हँगर, मग ब्रेकचे पाइप, मग दारांखालच्या पट्ट्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली की चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. वरून लांबी भरून रंग मारलेला असला तरी आवाज लपत नाही. गुहागर-दापोलीकडच्या बऱ्याच गाड्या समुद्राच्या वाळूवर फिरलेल्या असतात. पुळणीत रुतलेली, भरतीचं पाणी चाकांना लागलेली गाडी नंतर वरून धुतात, खालून कुणी धुत नाही. ते मीठ तसंच बसून राहतं. आंब्या-फणसाखाली उभ्या असणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. काचेखालच्या जाळीत पाला साचतो, पाण्याची वाट तुंबते आणि पाणी थेट केबिनमध्ये उतरतं.

बाबा मिस्त्री. पद्मिनी, जीप आणि पुढे मारुती 800 यांच्यावर त्यांची हयात गेली. ते गाड्या विकत नसत. लोक गाडी घेण्याआधी ती त्यांना दाखवायला आणत. बाबा खड्ड्यात उतरत, वर येऊन "घे" किंवा "नको" एवढंच सांगत आणि त्याचे पैसे घेत नसत. खरेदी-विक्री सुरू झाली ती माझ्यामुळे. मुंबईचे नातेवाईक गणपतीला गावी यायचे, जाताना म्हणायचे, ही गाडी आता तूच कुणाला तरी दे. आधी वर्षाला दोन-तीन, मग महिन्याला दोन-तीन असं करत गॅरेजच्या शेजारची मोकळी जागा भाड्याने घेतली.

त्या काळात आमची हमी एका वाक्याची होती: काय झालं तर आणा, मी आहे. ते वाक्य आम्ही मनापासून म्हणत होतो आणि लोकही मानत होते. गिऱ्हाईक ओळखीच्या गावातलं, विकणारा ओळखीचा, गाडीचा सगळा इतिहास घरच्यांना तोंडपाठ. अशा ठिकाणी कागद मागणं म्हणजे संशय घेणं, असं दोन्ही बाजूंना वाटायचं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तसं आमच्याकडेही आलं. खड्डा गाळाने काठोकाठ भरला होता. तो उपसायला आठ दिवस लागले. विक्रीला उभ्या असलेल्या चार गाड्या गेल्या. त्या पुसून-वाळवून विकायचा विचार आमच्या मनात आला नाही. विमा होता त्या विमा कंपनीने नेल्या, बाकीच्या सुट्या भागांसाठी दिल्या.

एवढं डोळ्यांनी बघूनही आम्ही पुढच्याच वर्षी फसलो. घाटावरच्या एका दलालाकडून एक हॅचबॅक घेतली. कागद नीट, मीटर 41,000, आत नवीन सीट कव्हर, मस्त वास. त्या जुलैत महाड, कोल्हापूर, सांगली सगळीकडेच पाणी होतं, पण आमच्या डोक्यात पूर म्हणजे चिपळूण. गुहागर तालुक्यातल्या एका नर्सताईंनी ती सव्वाचार लाखांना घेतली. तीन महिन्यांनी त्या रात्रपाळी संपवून घरी निघाल्या आणि गाडी मध्येच बंद पडली. दिवे नाहीत, काचा खाली होत नाहीत, बाहेर धो धो पाऊस. दादा जाऊन टोचन करून गाडी घेऊन आला. आम्ही कार्पेट उचललं. खाली पिठासारखा बारीक गाळ होता आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडले होते.

ताईंना आम्ही पूर्ण पैसे परत दिले. त्यांनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणालात, म्हणून मी दुसरीकडे दाखवली नाही." ते वाक्य मला अजून टोचतं. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी स्वतःची तपासणी सोडून दिली होती आणि मी तो शब्द गाडी न खोलता दिला होता.

तेव्हापासून पुराची तपासणी हे आमच्याकडे वेगळंच काम झालं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ रेघ राहून जाते. स्टेपनी काढून तिची खोबण बघायची. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, मागच्या दिव्याच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, डॅशबोर्डखाली हात घातल्यावर बोटांना काय लागतं. गाडीत फार सुगंध असेल तर आम्ही तिचे दरवाजे बंद करून ती दुपारभर उन्हात ठेवतो. संध्याकाळी दार उघडल्यावर खरा वास येतो. आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागायचाच. आधीच्या मालकाने चौकशी केली की तो मिळतो. देत नसेल तर गाडी सोडायची.

मग कागद केला. बायको हिशेब बघते, तिनेच बसून लिहिला. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. इंजिन आणि गिअरबॉक्स, 3 महिने किंवा 3,000 किलोमीटर. गाडी बंद पडली तर टोचनाचा खर्च आमचा. दुरुस्ती आमच्याच गॅरेजमध्ये. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी यात नाहीत, कारण ते झिजणारे भाग. हे शेवटचं वाक्य पहिल्या कागदात नव्हतं. एक जण सात माणसं भरून कुंभार्ली घाट दोनदा चढला, तोही अर्ध्या क्लचवर, आणि प्लेट जाळून आला. त्याचं म्हणणं, क्लच गिअरबॉक्समध्येच येतो. आमचं म्हणणं, नाही. शेवटी निम्मे पैसे आम्ही दिले आणि त्याच संध्याकाळी कागद बदलला. हमीत काय येत नाही हे काय येतं त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवं, हा बायकोचा आग्रह आम्ही आजवर पाळलाय.

खरा धडा मात्र शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी दिला. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात गंज कुठे आहे?" मी म्हटलं, गुरुजी, गंजाची हमी कुणी देत नाही. ते म्हणाले, "मग इथे गाडी कशाने जाते? इंजिनाने की पत्र्याने?"

उत्तर मला ठाऊक होतं. इथे चांगली इंजिनं असलेल्या गाड्या भंगारात जातात, कारण सस्पेन्शन जिथे बसतं तो पत्राच खाल्लेला असतो. जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक हमीच्या कागदांत गंज, पाणी शिरणं, उंदरांनी वायर खाणं या गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणजे आपल्याकडे गाडीला जे मारतं नेमकं तेच बाहेर. गंज थांबवणं आमच्या हातात नाही, म्हणून त्याची हमी आम्ही आजही देत नाही. पण त्या दिवसापासून हमीच्या पानाला दुसरं पान जोडलं. आम्ही त्याला बुडाची नोंद म्हणतो. खड्ड्यातून काढलेले बारा फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी, कुठे गंज वरवरचा, कुठे खोल, कुठला तुकडा कापून वेल्डिंग केलाय. खाली आमची सही. विकताना जे लिहिलं त्यापेक्षा काही जास्त निघालं आणि ते आम्ही लपवलं असं ठरलं, तर गाडी परत. या पानामुळे आमची काही गिऱ्हाईकं फोटो बघूनच उठून गेली. जाऊ देत.

मधल्या काळात बाहेरच्या एका कंपनीची वर्षभराची वॉरंटीही आम्ही विकून पाहिली. कमिशन चांगलं होतं. एका गिऱ्हाईकाचा एसीचा कॉम्प्रेसर गेला. दावा नाकारला, कारण ऑइल बदललं होतं गावच्या मिस्त्रीकडे आणि त्याचं पक्कं बिल नव्हतं. नियम त्यांच्या कागदात होता, छोट्या अक्षरात, इंग्रजीत. चूक वाचून न दाखवणाऱ्या आमची. ती विकणं आम्ही बंद केलं. कुणी दुसरीकडून अशी वॉरंटी घेत असेल तर आम्ही एवढंच विचारायला सांगतो: एका दाव्याला जास्तीत जास्त किती रुपये मिळतात, दुरुस्ती कुठल्या गावात होणार, तिथवर गाडी न्यायचा खर्च कुणाचा, सर्व्हिसची बिलं कुणाची चालतात. मूळ कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर ती या सगळ्यापेक्षा भारी. मारुतीने जुलै 2024 पासून नव्या गाड्यांची वॉरंटी 2 वर्षे किंवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटरवर नेली. अशी दोन वर्षांची गाडी मिळाली, सर्व्हिस कंपनीकडे झालेली असली, तर एक वर्षाचं संरक्षण नव्या मालकाकडे येऊ शकतं. चेसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला जायचं आणि नोंदी बघायच्या. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

हमी आणि विमा यांत लोकांची गल्लत होते, ती नीट सांगावी लागते. पुराचं नुकसान विम्यात जातं, वॉरंटीत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलं आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साधा विमाही इंजिनाचे पैसे सहसा देत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कोकणात ते घ्याच. गाडी नावावर होताना विमाही 14 दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो.

आता भरवशाबद्दल. लोक विचारतात, कुठली कंपनी चांगली? मी विचारतो, तुमचं घर कुठे आणि रोज किती फिरता? शेवरले 2017 अखेर भारतात विक्रीतून बाहेर पडली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्यातल्या कित्येक गाड्या दणकट आहेत आणि किमतीत बसतात. पण जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला आणि एक सेन्सर पुण्याहून यायचा असला की दणकटपणाचा उपयोग होत नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने ती गाडी खुशाल घ्यावी. वेळणेश्वरच्या माणसाला मी अशी गाडी सुचवतो जिचे भाग चिपळुणात चार दुकानांत मिळतात. तसंच डिझेलचं. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन लांब पल्ल्यावर तापावं लागतं. शाळेपर्यंत सहा किलोमीटर आणि परत एवढंच जाणाऱ्या बाईंना डिझेल देणं म्हणजे त्यांच्या गळ्यात दुखणं बांधणं. आम्ही अशा दोन गाड्या हातच्या सोडल्या.

कागदपत्रांतही आम्ही बदललो. पूर्वी सगळेच गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची कोरी सही घेऊन ठेवत, आम्हीही. गाडी तीन हात फिरायची आणि नाव पहिल्याचंच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघात झाला तर ज्याचं नाव नोंदीत, जबाबदारी त्याची. आमच्या एका जुन्या मालकाला अशीच नोटीस आली होती. तो निर्दोष असूनही वर्षभर कोर्टात खेपा घालत होता. डिसेंबर 2022 मध्ये नियम आले आणि एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेता येतं. गाडी आमच्या ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर होते आणि तेव्हापासून जबाबदारी आमची. ते अधिकारपत्र भिंतीवर लावलंय. जीएसटीही सांगून टाकतो, कारण घासाघीस तिथेच होते: जानेवारी 2025 पासून लहान गाड्यांवरही तो 18 टक्के झाला, आधी 12 होता. पण तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून आमच्या खरेदी-विक्रीच्या फरकावर आहे. पूर्ण किमतीवर कुणी मागत असेल तर बिल मागा.

अलीकडे इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. त्यांची बॅटरी बुडातच असते, त्यामुळे खड्डा पुन्हा उपयोगी पडला. बॅटरीच्या पेटीवर दगडाचा मार आहे का, खालचं कव्हर वाकलंय का, तिथूनच दिसतं. यातही मालक बदलला की हमी बदलते. टाटाने 2025 मध्ये काही गाड्यांच्या बॅटरीला पहिल्या मालकासाठी आजीवन वॉरंटी दिली, दुसऱ्या मालकाकडे ती 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरवर येते. बॅटरीची हमी स्वतःच्या सहीने द्यायची आमची अजून तयारी नाही, म्हणून इलेक्ट्रिक गाड्या आम्ही विकत नाही, फक्त तपासून देतो.

तपासणी कुणाच्याही गाडीची करतो, आमच्याकडून घेतलेली नसली तरी. बाबा पैसे घेत नसत. आम्ही 500 रुपये घेतो आणि बारा फोटोंसकट लिहून देतो. नर्सताईंनी गेल्या वर्षी दुसऱ्या गावातून गाडी घेतली, ती आधी इथे आणली होती. त्या स्वतः टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरल्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस खड्डा रिकामा नसतो, तेव्हा फोन करून या.