फुलपाखरांची खानेसुमारी

नोकरीत असताना जनगणनेची ड्युटी केलेल्या माणसाला मोजणीची भीती नसते. माणसं घरी सापडतात, नाव सांगतात, वर चहाही पाजतात. सप्टेंबरात फुलपाखरांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तेव्हा हाच आत्मविश्वास होता. विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात पहिल्या पिवळ्या ग्रास यलो फुलपाखरानंच तो उतरवला. ते झुडपामागे गेलं आणि पलीकडून एक पिवळं बाहेर आलं. आता हे तेच की दुसरं?

यावर इंग्लंडच्या अर्नी पोलार्ड यांनी १९७०च्या दशकात साधा तोडगा काढलाय. ठरलेल्या वाटेनं एका चालीत चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढं पाच मीटर, एवढ्यात जे दिसेल तेवढंच लिहायचं. मागं वळून बघायचं नाही, पाठलाग तर नाहीच. सकाळी फिरायला येणाऱ्यांना मात्र हे संथ, मान वेळावत चालणं संशयास्पद वाटतं. "काय हरवलंय का ओ सर?" असं एकानं विचारलंच. फुलपाखरं मोजतोय म्हटल्यावर म्हणाला, "मग सोलापुरात कशाला? महाबळेश्वरला जावा की!"

त्याचंही खरंच आहे म्हणा. २०१५मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं नीलवंत सह्याद्रीतलं. आमच्या उन्हात त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडं रुई आहे, तरवड आहे, वाटेच्या कडेला एकदांडी आहे. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या वाढतात. तिच्या चिकातलं विष अंगात मुरवून घेतात, त्यामुळं पक्षी या फुलपाखराच्या नादी लागत नाहीत. त्याचा फायदा घेते डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र थेट प्लेन टायगरचा नारिंगी वेश घालून फिरते. अंगात विष वगैरे काही नाही. हिच्या अळ्या खातात घोळ, जी आपण मुगाची डाळ घालून खातो! मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असले तर खरा टायगर. वरच्या कडेला एकच असला तर ही बाई. त्यासाठी तिनं पंख उघडून बसायला हवं. बसली एकदाची, तेवढ्यात शेजारच्यानं मोबाइल काढला आणि सावली तिच्यावर पडली. यादीत 'ओळख पटली नाही' असं लिहावं लागलं. मला ती नोंद फार आवडते. जनगणनेच्या फॉर्मात असला रकाना असता तर!

ढग आले की सगळंच थांबतं. ऊन नाही तर पंख तापत नाहीत, पंख तापले नाहीत तर उडणं नाही. अशा वेळी आमच्यातली कॉलेजची पोरं नाराज होतात. त्यांना यादी भरायची असते. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं, हे त्यांना पटवणं अवघड. पण पुढच्या वर्षीचा आकडा ताडून बघायला हे शून्यच लागतं.

मला खटकतं ते वेगळंच. 'सुशोभीकरण' झालेल्या बागांत आम्हाला सगळ्यात कमी सापडतं. गवत तासलेलं, रुई उपटलेली, कडेनं शोभेची झाडं हारीनं उभी. फुलपाखरू तिथं येईल, पण अंडी कुठं घालेल?

माझ्या घरी त्याचं उत्तर कढीपत्त्याच्या कुंडीत आहे. लाइम फुलपाखराच्या अळ्या लहानपणी हुबेहूब चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून बायकोच्या नजरेतून सुटल्या. हिरव्या होऊन टपोऱ्या झाल्या तेव्हा दिसल्या. निम्मी फांदी बोडकी. मी मोठ्या उत्साहानं माहिती सांगायला लागलो. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू द्या. पण फोडणीपुरती चार पानं सोडा म्हणावं त्यांना."