लायब्ररीच्या धाब्यावर

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन तिसरा दिवस. विद्यापीठाच्या आवारात एका हिरव्यागार उतारावर पाय पसरून बसलो होतो. शेजारच्या पोरीला सहज विचारलं, लायब्ररी कुठे आहे? ती म्हणाली, तिच्यावरच तर बसलायस.

आपल्याकडे लोक नियम धाब्यावर बसवतात. इथे मी स्वतःच बसलो होतो.

तर ते गवत म्हणजे लायब्ररीचं छप्पर, तिचं धाबं. मेकानू नावाच्या वास्तुरचनाकारांच्या कंपनीचं हे काम, नव्वदच्या दशकातलं. छताचं एक टोक जमिनीला टेकलेलं, दुसरं वर चढत गेलेलं, मधून एक भलामोठा शंकू बाहेर आलेला. गवत सुमारे ५,५०० चौरस मीटर. मातीच्या थरामुळे ऊन आत पोचत नाही, थंडीत ऊब बाहेर जात नाही. पाऊस पडला की पाणी लगेच गटारात न धावता मातीत मुरतं आणि पुढे त्याची वाफ होताना छत गार राहतं. शिवाय जमिनीखालच्या पाण्यात हिवाळ्यातला गारवा साठवून तो उन्हाळ्यात वर काढतात. हे मात्र मला खरंच आवडलं.

नव्या विद्यार्थ्यांना फिरवणाऱ्या पोरानं हे सगळं समजावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडच्या उन्हाळ्यात असं काही केलं तर किती उपयोग होईल!" चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पण माझं डोकं फिरलं. अरे बाबा, अमळनेर तालुक्यातलं माझ्या आजीचं अख्खं घर धाब्याचं होतं. सागाच्या कड्या, त्यावर तुराट्या, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. ती ओली झाली की अशी घट्ट बसते की पाणी खाली उतरत नाही. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना आम्ही पोरं आत नुसत्या पंख्याखाली झोपायचो. माती जुनी झाली की श्रावणात वर गवतसुद्धा यायचं. फरक एवढाच की इथे त्या गवताचं कौतुक होतं, आणि आजी मला वर चढवून ते मुळासकट उपटायला लावायची. मुळं आत गेली की धाबं गळतं.

मी हे तावातावानं सांगितलं. "इंटरेस्टिंग," म्हणत तो शंकूकडे वळला.

त्याला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. ते धाबं पाडायला मीच लावलं. पुण्यात नोकरी लागल्यावर घरी पहिला हट्ट केला तो स्लॅबचा. आता कुणी मला पर्यावरण शिकवू नये. दर वर्षी पावसाळ्याआधी गाडीभर खारी माती आणून वर पसरायला माणूस मिळत नव्हता, कड्यांना वाळवी लागली होती, भिंतीत घुशी होत्या आणि भर पावसात रात्री आई घरभर पातेली मांडत हिंडायची. इथल्या गवताची देखभाल पगारी माणसं करतात. आमच्याकडे ती आईच्या कमरेवर होती. (स्लॅबखाली आता दोन कूलर लागतात आणि रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात, तो मुद्दा वेगळा.)

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला छत दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गयस नही का ते?"

नाही गळत, म्हटलं. खाली पाणी अडवणारा थर असतो.

"मंग तठे खारी माती भेटस का?"

मागून आबांनी मोबाईल ओढून घेतला. जागा किती, विचारलं. मी हिशोब करून सांगितलं, चोपन्न गुंठे. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, एवढ्यात कपाशीच्या बियाण्याच्या अडीच बॅगा लागल्या असत्या.