चार नावाचा चमचा

धुतलेले चमचे पुसायला घेतले की लेक शेजारी येऊन बसते. वय तीन वर्षं आणि वर थोडे महिने. मी चमचा पुसून फडक्यावर ठेवायचा आणि तिने तो रांगेत लावायचा, अशी आमची वाटणी. परवा रांगेत चार चमचे झाले आणि मला हुक्की आली. म्हटलं, "मोज बघू."

तिने एकेका चमच्यावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार." एकही सुटला नाही, एकावरही दोनदा बोट पडलं नाही. मी खूश.

"मग किती चमचे आहेत?"

"एक, दोन, तीन, चार."

"हो, पण एकूण किती?"

कानाने अधू असलेल्या माणसाशी बोलावं तसं तिने तिसऱ्यांदा, सावकाश आणि मोठ्याने मोजून दाखवलं. मग मी वाट बदलली. "बरं, मला चार चमचे दे."

तिने रांगेतला शेवटचा, दांडा जरा वाकलेला चमचा उचलला आणि माझ्या हातात ठेवला. एकच. आणि ती पुढच्या चमच्याची वाट बघायला लागली.

तिचं काही चुकलं होतं का? आम्हीच तर बोट ठेवून शिकवलं, हे नाक, हा कान, हे पोट. त्याच बोटाने, त्याच सुरात, हा एक, हा दोन, हा तीन. नाक हे नाकाचं नाव आणि चार हे मात्र त्या चमच्याचं नाव नव्हे, हे तिने कशावरून ओळखायचं? वाकडा चमचा रांगेत कुठेही ठेवला तरी वाकडाच राहतो. पण त्याला पहिला ठेवला की तो 'चार'चा 'एक' होतो. चौघे एकत्र असतील तेव्हा चार असतो, आणि चौघांपैकी कुणाच्याच अंगावर तो सापडत नाही. फडकं हातात धरून मी यावर विचार करत बसलो आणि मलाच गरगरायला लागलं. इतकी निसरडी गोष्ट आपण दोन-अडीच वर्षांच्या पोरांना चालता चालता शिकवतो, आणि वर पाहुण्यांसमोर "दहापर्यंत म्हणून दाखव" असा आग्रहही धरतो.

"मला इतके दे" हा खेळ मानसशास्त्रज्ञही मुलांशी खेळतात, हे मला नंतर कळलं. कॅरन विन या संशोधक बाईंनी 1990 च्या सुमारास तो नीट बसून खेळला. दहापर्यंत खडाखडा म्हणणारी मुलं एक वस्तू मागितली की बरोबर एक देतात, आणि दोन मागा, पाच मागा, मूठभर उचलून देतात. कित्येक महिन्यांनी 'दोन' कळतो. मग आणखी काही महिने जातात आणि 'तीन' कळतो. हे सगळं इतकं हळू चालतं की अजून 'चार'वर असलेल्या मुलाला 'वीस' यायला शाळा संपेल असं वाटावं. पण तसं होत नाही. तीन किंवा चारच्या पुढे कुठेतरी मुलाच्या लक्षात येतं की मोजताना शेवटी उच्चारला तो आकडा म्हणजेच 'किती'. त्यानंतर त्याला पाच वेगळा शिकवावा लागत नाही, सहाही नाही. जेवढी साखळी पाठ आहे तेवढी एकदम कामाला लागते. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे वयाच्या तीन-चार वर्षांच्या आसपास घडतं. त्यासाठी कोणी मुहूर्त काढत नाही आणि घरात बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिलं पाऊल टाकलं की आपण व्हिडिओ काढतो. हे त्याहून मोठं पाऊल अंथरुणावर लोळता लोळता पडून गेलेलं असतं.

मी स्वतः गणितात कच्चा. कच्चा म्हणजे शाळेत फळ्याजवळ बोलावलं की तळहाताला घाम फुटायचा, इतका. त्यामुळे लेक होण्याआधीच माझं ठरलं होतं की हे खातं तिच्या आईकडे. पुढे 2015 मधला एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. ज्या आईबापांना गणिताची धास्ती असते आणि तरी जे वारंवार गृहपाठाला बसतात, त्यांच्या पहिली-दुसरीतल्या मुलांची गणितातली प्रगती त्या वर्षी कमी दिसली, आणि भीतीही वाढली. जे धास्तावलेले पालक फारसे मध्ये पडले नाहीत, त्यांच्या मुलांना त्या धास्तीची झळ लागलेली दिसली नाही. वाचून आधी वाईट वाटलं, मग सुटल्यासारखं. चमचे पुसणं म्हणजे काही गृहपाठ नव्हे. तिथे घाम फुटत नाही.

आणि खरं तर आपण शिकवायला बसतो त्याच्या कितीतरी आधी काहीतरी सुरू झालेलं असतं. याच विन बाईंचा 1992 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच महिन्यांच्या बाळांसमोर छोटा रंगमंच, त्यावर एक बाहुली. समोर पडदा वर येतो, एक हात आणखी एक बाहुली पडद्यामागे नेऊन ठेवतो आणि रिकामा परततो. पडदा खाली जातो. मागे दोन बाहुल्या दिसल्या तर बाळ थोडा वेळ बघतं आणि नजर वळवतं. लबाडी करून एकच ठेवलेली असली, तर जास्त वेळ टक लावून बघत राहतं. याला बेरीज म्हणायचं का, यावर पुढे बरेच वाद झाले, आणि तो शब्द मलाही जरा फुगवलेला वाटतो. पण पाळण्यातल्या जिवाला हिशेबात गफलत दिसते एवढं मला पुरे. लेक सहा महिन्यांची असताना मी दोन मोजे दाखवून एक पाठीमागे लपवायचो तेव्हा ती मोज्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. तेव्हा वाटायचं हिला काही कळत नाही. आता वाटतं, चोर कोण ते तिला बरोबर कळलं होतं.

या वयात घरात काय करायचं, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. बोलायचं. आकडे घालून बोलायचं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी काही घरांत पाच वेळा जाऊन, प्रत्येक वेळी दीड तास, चौदा ते तीस महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक यांचं रोजचं बोलणं टिपलं. 2010 मध्ये ते प्रसिद्ध झालं. साडेसात तासांत एका घरात संख्येचे शब्द आले 4, आणि दुसऱ्या एका घरात 257. ज्या घरांत असे शब्द जास्त, तिथली मुलं चार वर्षांच्या सुमारास 'किती' या प्रश्नाला जास्त सरावलेली निघाली. हे वाचल्यापासून मी घरात जरा विचित्र बोलायला लागलोय. "चप्पल आण" ऐवजी "दोन्ही चपला आण". "बटण लाव" ऐवजी "तीन बटणं राहिली". बायको म्हणते, तू घड्याळासारखा बोलतोस. असेल. पण मोकळ्या हवेत पाढे म्हणण्यापेक्षा समोर दिसणारी तीन बटणं बरी. ती लावली की संपतात, आणि संपलेली बटणं म्हणजे शून्य, हे तिला कुणी न सांगता कळलं. "नाहीच राहिली," म्हणाली.

आकड्यांची कार्डं आणि गाणी म्हणणारी ॲपं आमच्याकडेही आली आहेत, भेट म्हणून. कार्डं तिला आवडली. ती त्यांची घरं बांधते.

मराठी मात्र या पोरांची परीक्षा बघते. वीसच्या पुढे गेलं की आमच्या जिभेवर एकक आधी आणि दशक नंतर. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. शेजारचा मोठा मुलगा कितीतरी दिवस पंचवीस ऐकून 52 लिहायचा. त्यात एकोणतीस. ऊन म्हणजे कमी, एक कमी तीस. अजून तीस आलेलाच नाही आणि त्यातून एक वजा! एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळायचा आणि शंभराच्या दारात आल्यावर मध्येच नव्व्याण्णव. मुलाने 'एकोणशंभर' म्हटलं तर त्याला हसू नये. भाषेपेक्षा ते जास्त नियमाने चाललेलं असतं. उलट एका बाबतीत मराठीने सोय केली आहे. मोजणं हा एकच शब्द चमच्यांनाही चालतो आणि उंचीलाही. त्यामुळे लेक भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि म्हणते, "मला मोज." मी म्हणतो, "एक." तिला हा विनोद अजून कळलेला नाही.

गेल्या रविवारी तिची आजी आली. आजी शिक्षिका होत्या. चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांचा हात आपोआप पेन शोधतो. आम्ही बटणांच्या दोन रांगा लावल्या होत्या, पाच-पाच, समोरासमोर. सारख्या आहेत, असं लेकीने सांगितलं. मग मी एक रांग जरा पसरली. "आता?" तिने पसरलेल्या रांगेकडे बोट केलं, "ही जास्त." आजींना राहवेना. "अगं, आत्ता तर सारखी होती! मोज, मोज." तिने दोन्ही रांगा मोजल्या. पाच. पाच. "मग?" "ही जास्त," ती शांतपणे म्हणाली. मी आजींना सांगितलं की ज्याँ पियाजे नावाच्या माणसाने कितीतरी दशकांपूर्वी हेच पाहिलं होतं आणि सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं असंच सांगतात. आजी म्हणाल्या, "त्याच्या आईने वेळीच दुरुस्त केलं असतं तर त्यालाही कळलं असतं."

त्यांना सोडायला आम्ही तिघं जिन्याने खाली निघालो. लेकीला जिना मोजायचा नाद आहे. वर येताना ती प्रत्येक पायरीवर पाय टेकला की आकडा म्हणते, आणि शेवटचा पाय वरच्या फरशीवर पडला की बरोबर अकरा होतात. खाली उतरताना तिने वरच उभं राहून सुरुवात केली, "एक." मग पाय खाली, "दोन." जमिनीवर पोचलो तेव्हा बारा झाले होते.

"जिना मोठा झाला," ती म्हणाली.

"नाही गं," आजी म्हणाल्या, "वर उभी होतीस, ती मोजायची नसते."

"का? मी होते ना तिथे."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वर चढायला लागलो, लेक मागून आली, आणि खाली उभी असतानाच तिने "एक" म्हटलं.