न लिहिलेलं वाचताना

आमची लेक दुसरीत घडाघडा वाचायची. जोडाक्षरांवर अडायची नाही, 'कोण कोणास म्हणाले' आणि रिकाम्या जागाही सगळ्या बरोबर. पण गोष्ट संपल्यावर "मग सुमी का रुसली गं?" असं विचारलं, की पानावर बोट फिरवत म्हणायची, "इथे लिहिलंच नाहीये." आणि ते खरंच असायचं. रुसण्याचं कारण लिहिलेलं नव्हतं, मागच्या दोन वाक्यांवरून ताडायचं होतं. धड्याखालच्या बऱ्याच प्रश्नांना धड्यातलंच वाक्य उचलून उत्तर देता येतं, म्हणून ही उणीव गुणांत दिसत नाही.

वाचनाच्या अभ्यासात गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक सूत्र आहे: आकलन म्हणजे अक्षरं वाचता येणं गुणिले भाषा समजणं. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्य. आमच्याकडे पहिली बाजू भक्कम होती. दुसरीही कच्ची नव्हती, कारण दारात चप्पल दिसली की "बाबा आज लवकर आले" हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. हा तर्क पुस्तकात आणायचा होता.

रात्री मी वहीत एखाद-दुसरं वाक्य लिहायला लागले. 'आजीने छत्री मोरीत उघडून ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.'

"बाहेर काय होतं?"

"पाऊस."

"कशावरून?"

"छत्री आहे ना."

"आजी उन्हातही छत्री घेते. तोंडावर घाम असेल."

तिने वाक्य पुन्हा वाचलं. "पण मोरीत ठेवली! उन्हातून आली असती तर खुंटीला लावली असती. पाणी गळत असणार."

मला फार आनंद झाला. पहिल्या वाचनात 'मोरीत' हा शब्द ती नुसता उच्चारून पुढे गेली होती.

तेव्हापासून 'कशावरून?' हा प्रश्न रोजचा झाला. मात्र उत्तर बरोबर असलं तरी तो विचारायचाच. फक्त चुकल्यावर विचारला तर मुलं लगेच उत्तर बदलतात, पुरावा शोधतच नाहीत. आणि पुरावा दाखवता आला, तर माझ्यापेक्षा वेगळं उत्तरही मी मान्य करते.

आपल्या भाषेतली एक अडचण मला आधी लक्षातच आली नव्हती. 'बाबा आणि आजोबा बाजारात गेले. चढावर त्यांना दम लागला, म्हणून ते पारावर टेकले. बाबांनी पाणी आणून दिलं.' कोण टेकलं? ती म्हणाली, दोघंही. 'ते' अनेकांसाठीही आणि मानाने एकासाठीही, त्यामुळे तिसरं वाक्य वाचून मागे यावं लागतं. अशा जागी आम्ही 'ते' खाली पेन्सिलने नाव लिहायचो. हा सराव मला सगळ्यात उपयोगी वाटला.

काही ठिकाणी मात्र प्रश्न विचारून काहीच होत नाही. एका गोष्टीत बैलांची शिंगं रंगवली होती, पाठीवर झूल होती आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपलं नव्हतं. सण कोणता, हे ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीने कशावरून ओळखावं? मी विदर्भातल्या आजोबांना फोन लावला. त्यांनी पोळा सांगितला आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही, ज्यात पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात. मग तीच गोष्ट वाचताना तिने स्वतःच सांगितलं, "म्हणूनच आज नांगर नाही." माहितीच नसेल तर मुलाला तर्क येत नाही असं ठरवणं अन्यायाचं आहे, असं माझं ठाम मत झालंय.

आता ती घटनांची कारणं छान शोधते. पात्राच्या मनात काय चाललंय, हे अजून जड जातं, विशेषतः पात्र बोलतं एक आणि त्याला वाटतं दुसरंच, तेव्हा. त्यासाठी सध्या संवाद दोघी मिळून आवाज बदलून वाचतो.

मूल अजून अक्षरं जुळवत असेल, तर हे सगळं तोंडी करा. त्याची सगळी शक्ती तेव्हा अक्षरांवर खर्च होत असते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. तुम्ही वाचा, चित्र दाखवा आणि पान उलटण्याआधी विचारा, आता काय होईल, आणि कशावरून.